शिफारस क्रमांक एक

१२ नोव्हेंबर, बुधवार

गणपतीनंतर वही आज उघडली. अडीच महिने कोरे गेले. माफी कुणाची मागायची? वही काही रुसत नाही. तरी चुकलंच. वाचनालयाची तपासणी, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, दिवाळी, अशी कारणं होती. पण खरं म्हणजे लिहावं असं काही डोक्यात नव्हतं. आज आहे.

काल वाचनालयाच्या कार्यकारिणीची सभा. आपली माणसं आपल्याच यानातून अवकाशात जायची तयारी चालली आहे, म्हणून आपणही एक पत्रक काढायचं: 'माणूस अवकाशात: काय वाचावं?' बारा पुस्तकं, प्रत्येकाबद्दल दोन ओळी. कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या शाळांना जाणार. खाली माझं नाव, 'शिफारस: ग्रंथपाल'. कार्यवाह गायकर म्हणाले, "मॅडम, मागच्या कव्हरवरच्या दोन-दोन ओळी उतरवा, झालं काम." मी म्हटलं, वाचल्याशिवाय शिफारस करणार नाही. "बाराच्या बारा? तोवर आपलं यान जाऊन परत येईल हो!" सगळे हसले. मीही.

क्रमांक एक ठरलेलाच होता. ओझरकर सरांचं पुस्तक. सरांनी कॉलेजात आम्हाला फिजिक्स शिकवलं. ही नोकरीसुद्धा त्यांच्याच शब्दावर लागली. पत्रकाचं प्रकाशन त्यांच्या हस्ते, त्यांचा सत्कारही तेव्हाच. मी लगेच मान डोलावली. अकरा वर्षं ते पुस्तक पोरांच्या हातात देते आहे. लग्नात सरांनी सही करून दिलेली प्रत घरच्या कपाटात आहे. वाचलेलं मात्र नाही. हे सभेत कुणाला कळलं नाही. मला आत्ता लिहिताना कळलं.

मजकूर २६ ला प्रेसमध्ये हवा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पाच वाचून झाली. शिसारी आली.

ही पुस्तकं आपण गठ्ठ्याने घेतली. अनुदान आलं की मार्चच्या आत खर्च दाखवायचा, मग जो विक्रेता जास्त सूट देईल त्याचा गठ्ठा. आत काय आहे ते कोण बघतो? शिक्का, दाखलक्रमांक, कपाट. शिक्का मारणारी मीच.

एकात चंद्रावरच्या माणसाचा फोटो उलटा छापलाय, छातीवरची अक्षरं आरशातल्यासारखी. दुसऱ्यात म्हणे वर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून माणसं तरंगतात. अरे, नसतं तर यान पृथ्वीभोवती फिरलं असतं कशाला? ते सतत पडत असतं, माणसंही त्याच्याबरोबर पडत असतात, म्हणून तरंगतात. आमच्या वेळी बारावीचं पोर सांगायचं. तिसऱ्यात निम्मी पानं अंतराळवीरांच्या आयांनी केलेल्या प्रार्थनांची. सगळे शूर, सगळे हसरे, सगळे लहानपणी आकाशाकडे बघत बसणारे. कुणाला उलटी होत नाही. प्रत्यक्षात वर गेल्यावर पहिले काही दिवस कित्येकांना मळमळतं. ह्या पुस्तकांत कुणाला पोटच नाही.

कच्च्या टिपा केल्या. 'क्र. ४: चित्रं पाहावीत. मजकूर वाचू नये.' 'क्र. ७: लेखकाला विषय आवडत असावा, माहीत नाही.' खोडल्या. हा राग पुस्तकांवरचा, की स्वतः कधी काही लिहिलं नाही त्याचा? प्रामाणिकपणे, दोन्ही. पण गुरुत्वाकर्षण माझ्या मत्सरामुळे बदलत नाही.

एकच चांगलं निघालं. जुनं, कव्हर गेलेलं, अनुवादित, स्पेस शटलच्या अपघातावरचं. कोण कसा मेला, चूक कुठे झाली, आधी कुणी बजावलं होतं आणि कुणी ऐकलं नाही, सगळं आहे. मागच्या खोलीतल्या गठ्ठ्यात पडलेलं, माझ्या अकरा वर्षांत एकदाही कुणी नेलेलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

भोईर काका आले. मोहोपाड्याचे. तीस वर्षं केमिकल कंपनीत ऑपरेटर होते, आता रिटायर. दर मंगळवारी चौक गावी गाडी बदलून इथे कर्जतला येतात आणि फक्त अपघातांची पुस्तकं नेतात. खाणीचे, विमानांचे, कसलेही. गेल्या मंगळवारी पत्रकाचं बोलणं ऐकून सरांचं पुस्तक घेऊन गेले होते. आज काउंटरवर आपटलंच.

"मॅडम, ह्ये काय एक नंबरला टाकताय तुमी?"

का, काय झालं?

"पान सत्तेचाळीस बघा. जमिनीवर, सराव चालू असताना यानात आग लागली, तिघं गेले. बरं. दार का नाय उघडलं?"

मी बघितलं. पानावर दाराचा शब्द नाही.

"माझ्या पुतन्यानं मोबाईलवर दावलं मला. दार आत उघडनारं व्हतं. आत नुसता ऑक्सिजन भरलेला. ह्ये नाय लिवलं मग काय लिवलं? आनि ह्ये वाचा. 'तिघांनाही एका क्षणात, कसलीही वेदना न होता मृत्यू आला.' कुनी बघितलं वो? त्यांचं बोलनं रेकॉर्ड झालेलं हाय. आग लागली म्हनून सांगतायत, बाहेर काढा म्हनतायत. एका क्षनात मेलेला मानूस बोलतो?"

मी म्हटलं, लहान मुलांचं पुस्तक आहे काका.

"आमच्याकडची लहान मुलंच मोठी झाली का कंपनीत जातात गं बाई."

एरवी मॅडम म्हणतात. आज एकदम गं बाई. रजिस्टरात पुस्तक जमा केलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी सरांचं पुस्तक घेऊन बसले. शहाण्णव पानं. म्हटलं, सत्तेचाळीसपर्यंत नीट येऊ, मग बोलू.

पान एकतीस. यानाची कुपी आतून केवढी होती त्याचं वर्णन: 'चौकच्या टेंपोत ड्रायव्हरशेजारी तिघं दाटीवाटीने बसतात, तेवढीच जागा. फरक इतकाच, की इथे मध्ये उतरता येत नाही.'

हे माझं वाक्य आहे.

शंका नाही. तेव्हा मी कॉलेजला चौकहून टेंपोनेच यायचे. सरांच्या दहिवलीच्या घरी, शेवटच्या वर्षाला असताना, रविवारी. मी आणि माझ्या वर्गातली कल्पना. सर इंग्रजी पानांच्या झेरॉक्स द्यायचे, आम्ही फुलस्केपवर मराठी करायचो. "विज्ञान मराठीत लिहायचा हात बसला पाहिजे तुमचा." टेंपोचं हे वाक्य वाचून सर मोठ्याने हसले होते, आणि मी आठवडाभर हवेत होते. सात-आठ महिने तरी चाललं ते. झेरॉक्सवर कधी पुस्तकाचं नाव नव्हतं. आम्ही विचारलं नाही.

मग पुढची पानं चाळत गेले. माझी, कल्पनाची, पुन्हा माझी. तिचं वाक्य ओळखू येतं, ती 'त्याचप्रमाणे' शिवाय परिच्छेद सुरू करायची नाही. सुरुवातीला सरांचं मनोगत: 'अनेक वर्षांच्या चिंतनातून.' शेवटी आभार: 'शुद्धलेखन तपासणाऱ्या माझ्या विद्यार्थिनी.' नावं नाहीत. मूळ लेखकाचं तर नाहीच.

हात धुवावेसे वाटले. खरंच धुतले. काउंटरवर पोरगी उभी होती, पुस्तक बदलायला. थांब म्हटलं.

कपाटातली प्रत मी वीस वर्षं का उघडली नाही? 'मुलांचं पुस्तक, काय वाचायचं' असं सांगत आले. की कुठेतरी ठाऊक होतं?

२० नोव्हेंबर, गुरुवार

सत्तेचाळीस कुणाचं, हा प्रश्न राहिला. ते वाक्य सरांचं निघावं असं मनापासून वाटत होतं. सरांनी मुलांसाठी गोड केलं असणार. पान पाच वेळा वाचलं. 'त्याचप्रमाणे' नाही.

संध्याकाळी कल्पनाला नाशिकला फोन केला. आधी पाच मिनिटं मुलाच्या क्लासचं ऐकून घेतलं. मग विचारलं.

"अय्या, ते पुस्तक आलं पण होतं? मला कुणी सांगितलंच नाही."

आलं. तू आणि मी लिहिलेलं.

"घ्या! आणि आपल्याला काय मिळालं? सरांकडच्या वहिनींच्या हातचे पोहे." हसली. मग म्हणाली, "आगीचं ना? ते तूच केलंस की. मला नीट आठवतंय. दाराची आकृती होती, बाण होते, दाब अमुक, दाब तमुक. मी म्हटलं, सरांना विचारू या. तू म्हणालीस, नको गं, सरांना वाटेल एवढंही कळत नाही. सोडून दे तो परिच्छेद, कुणाला कळतंय."

मग ते वेदनेचं?

"ते पण तूच. झेरॉक्सवर त्यांचं शेवटचं बोलणं होतं. तू वाचलंस आणि उठून मोरीत गेलीस. आलीस आणि ते वाक्य लिहिलंस. मी म्हटलं, इथे असं नाहीये गं. तू म्हणालीस, असायला हवं."

नंतर ती काय बोलली ते ऐकलं नाही.

असायला हवं. एकविसाव्या वर्षी मी ठरवलं माणसं कशी मेली असायला हवीत. आणि दार कळलं नाही म्हणून गाळलं. फिजिक्सची विद्यार्थिनी. परवा त्या गुरुत्वाकर्षणवाल्या लेखकाला किती नावं ठेवली मी. त्याला कळलं नाही तर त्याने निदान आपल्या नावावर चूक केली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सरांकडे जाऊन आले. वाचनालय पाचला बंद करून.

सर आता पंचाहत्तरच्या पुढे. झोपाळ्यावर होते. "ये वंदना. सत्काराचं बोलायला आलीस? शाल नको म्हणावं गायकरला, कपाट भरलंय." वहिनींनी चहा दिला. मी पुस्तक काढलं, पान सत्तेचाळीस, दार, सगळं सांगितलं. सरांनी चष्मा लावून वाचलं.

"अगं, इतक्या वर्षांनी एका दारासाठी आलीस होय?"

मी म्हटलं, सर, ते चुकीचं आहे. मी चुकीचं लिहिलं, आणि तुम्ही तपासलं नाही.

"तपासलं ना. हे वाक्य मूळ मजकुरात नव्हतं, कळलं मला. मुद्दाम ठेवलं. किती पालकांनी पत्रं पाठवली होती. मुलं घाबरत नाहीत म्हणाले. तुझ्यात ती समज होती गं, कल्पनात नव्हती."

मग विचारायचं धाडस केलं: मूळ पुस्तक कुठलं, सर? लेखकाचं नाव का नाही?

झोपाळा थांबला. "ज्ञान काय कुणाच्या मालकीचं असतं? त्यानेही दहा ठिकाणांहून घेतलं असेल. मराठीत कुणी करत नव्हतं, मी केलं." चष्मा काढून: "आपण केलं. तुझं नाव राहिलं, ते माझ्याकडून चुकलं. आता नवी आवृत्ती काढू या. दोघांचं नाव. पत्रकात तसंच टाक ना: ओझरकर आणि तू. प्रकाशकाशी बोलतो मी सोमवारी."

चहाचा कप मोरीत ठेवून आले. वहिनी म्हणाल्या, "तुझ्याबद्दल फार बोलतात गं हे."

२३ नोव्हेंबर, रविवार

जे काल लिहिलं नाही ते लिहिते. सर 'दोघांचं नाव' म्हणाले तेव्हा मला आनंद झाला. क्षणभर नाही. दहिवलीहून घरी येईपर्यंत. पुलावर आले तोवर कव्हर दिसत होतं डोळ्यांपुढे, खालची ओळ माझी. कल्पनाचं नाव त्यात नव्हतं. मी घातलं नाही, सरांनीही नाही.

चोरलेल्या पुस्तकावर, खोट्या पानावर, आपलं नाव यावं म्हणून खूश होणारी बाई. किळस येते, आणि ती सरांपेक्षा माझी जास्त येते. सर निदान मराठी मुलांसाठी म्हणतात आणि त्यांना ते खरं वाटतं.

सकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. विलास म्हणाले, "एका पानाचं काय घेऊन बसलीस, गाळून टाक यादीतून, विषय संपला." त्यांचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे. पण गाळलं तर शाळांच्या कपाटांत ज्या प्रती आहेत त्या तशाच राहतात. पोरं तेच पान वाचत राहणार. पुन्हा गाळायचंच. मला गाळणं जमतं, हे सिद्ध झालेलं आहे.

उरलेली सहा पुस्तकं वाचली. तिडीक कमी झाली. दुसऱ्याच्या चुकांवर पूर्वीसारखं तुटून पडता येत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

भोईर काका आले. गर्दी नव्हती. सांगून टाकलं: काका, ते पान माझं आहे.

"तुमी लिवलं?" हो. "तुमी?" परत हो. "मग मागल्या मंगळवारी गप का बसलात?"

तेव्हा माहीत नव्हतं म्हटलं. खरं आहे, पण कानाला लबाड लागलं.

खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "आमच्याकडं नामदेव व्हता. टाकी साफ करायला उतरला, आत गॅस साठलेला. कंपनी आता नाय, बंद झाली, म्हनून बोलतो. कागदावर काय लिवलं? जागीच मृत्यू. आतून टाकी वाजवत व्हता तो, मॅडम. आमी ऐकत व्हतो. शिडी आनेपर्यंत वाजवत व्हता."

मी काउंटरवरचं रजिस्टर मिटलं.

"त्याची बायको अजून लोकांना सांगते, एका क्षनात गेले, कळलं पन नाय त्यांना. सांगू दे. तिला कोन कशाला सांगंल? पन ती बायको हाय. शाळेतल्या पोरानं कशाला असं वाचायचं? त्याला कळाय पायजे, का आत जायच्या आधी इचारायचं, बाहेर कसं येनार म्हनून."

मग मी विचारलं. वीस-बावीस वर्षं उशिरा. काका, आत उघडणारं दार का उघडलं नाही?

"तुमच्याकडं आतल्या झाकनाचा कुकर हाय?"

आहे.

"झाकन कसं लावता?"

तिरकं करून आत घालायचं, मग वर ओढून बसवायचं.

"आता वाफ कोंडलेली असताना काढा बघू. काढायचं तर आधी आत दाबाय लागतं, व्हय ना? तुमी दाबा, मालकांना बोलवा, दिराला बोलवा. नाय दबनार. वाफच त्याला खालनं धरून बसलीय. वाफ गेली का बोटानं निघतं. तसंच. आग लागली, आतली हवा फुगली. दार घ्यायचं व्हतं आत. कोन घेनार? मागनं त्यांनी बाहेर उघडनारं दार केलं. तिघं गेल्यावर."

एवढंच होतं. बाणांची आकृती, दाब अमुक, दाब तमुक. ते झाकण मी रोज लावते.

जाताना पुस्तक नेलं नाही. म्हणाले, "तुमच्या यादीत काय येतं ते बघतो आदी. मग ठरवतो येयाचं का नाय."

२६ नोव्हेंबर, बुधवार

मजकूर दिला. अकरा पुस्तकांच्या दोन-दोन ओळी. क्रमांक एकच्या जरा जास्त झाल्या. इथे उतरवून ठेवते:

'क्र. १. भाषा सोपी. मजकूर एका इंग्रजी पुस्तकावरून घेतलेला आहे; त्याचं नाव पुस्तकात दिलेलं नाही. पान ४७ चुकीचं आहे. यानाचं दार आतल्या बाजूला उघडणारं होतं आणि आगीने आतला दाब वाढल्यामुळे ते उघडता आलं नाही, हे त्यात गाळलं आहे. मृत्यू एका क्षणात आला हे खरं नाही. ते पान मी लिहिलं होतं. शिक्षकांनी ते मुलांना वाचून दाखवावं आणि दाराबद्दल सांगावं.'

गायकरांनी दोनदा वाचलं. "मॅडम, ही शिफारस हाय का एफआयआर?"

मी म्हटलं, शिफारसच आहे. शेवटची ओळ बघा.

"सरांच्या हस्ते प्रकाशन. स्टेजवर पत्रक उघडणार, पयल्याच नंबरला हे. वेड लागलंय का तुमाला? त्यांनी लावलं ना तुमाला इथं?"

त्यांनीच लावलं.

मग आवाज खाली आणून, अगदी प्रेमाने: "एक काम करू. खालचं तुमचं नावच काढू. साध्या दोन ओळी मी टाकतो. तुमच्या डोक्याला ताप नाय, माझ्या नाय."

किती सोपं होतं. नाव नाही तर खोटं नाही. मला मोहही झाला, लिहून ठेवते. म्हटलं, माझं नाव राहील आणि ओळी याच राहतील. नाहीतर पत्रकच दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.

"अध्यक्षांना इचारतो. पण सरांना अंधारात नाय ठेवणार मी. उद्या दहा वाजता फोन लावतो त्यांना."

तेही बरोबरच आहे. उलट मीच विचारात पडले. 'ते पान मी लिहिलं होतं' हे ठळक, आणि सरांचं 'नाव दिलेलं नाही' एवढंच, कर्त्याशिवाय. सरांना वाचवलं, की स्वतःला मोठं केलं? आणि कल्पना पुन्हा राहिली. तिला विचारलंसुद्धा नाही. अध्यक्ष काय म्हणतील माहीत नाही. सत्कार होईल की नाही माहीत नाही. शनिवारी सर झोपाळ्यावरून हसून 'ये वंदना' म्हणाले, तसं परत म्हणणार नाहीत, एवढं दिसतंय.

उद्या: दहाच्या आत दहिवलीला जाऊन सरांना ह्या ओळी स्वतः वाचून दाखवणे.